मेव्हण्यासंगं रानात

माझ्या मेव्हण्यासंगं रानात गेलेला माणूस वेळेवर घरी परतला, असं उभ्या परभणी जिल्ह्यात कधी घडलं नसेल. बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं काडी, पण पाखरू दिसलं की खुंट्यासारखा उभा. कार्तिकात शेपटी हलवत धोबी पाखरं आली की हा डोक्याची टोपी नीट करायचा, जणू व्याहीच आले. एकदा कापसाची गाडी घेऊन सेलूच्या बाजाराला निघाला, तर तित्तराची पिलं आडवी आली म्हणून बैल थांबवले. मागच्या गाडीवाल्यानं हाळी दिली, "का रं, वरात चाललीय का म्होरं?" हा खाली उतरून म्हणतो, "हळू बोला मामा, लेकरं बिचकत्यात." झाडांचंही तेच. औषधाची मुळी काढायची तर आदल्या सांजेला तांदूळ-कुंकू वाहून झाडाला आवतण द्यायची आमच्याकडं रीत आहे. हा तर बोरीलाही विचारून बोर तोडायचा.

निजामाचं राज्य जाऊन चारेक वर्षं झाली असतील. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. सांगावा आला म्हणून मी रातोरात गेलो, तर ती अडलेली. आतून तिचं ओरडणं यायचं. मी दार बडवायलो, सुईण आतून शिव्या घालायली. दिवस उगवताना मेव्हणा म्हणाला, "दाजी, चला. आघाड्याची मुळी पायजे. कमरंला बांधली की बाई सुटती."

"उकिरड्यावर ढीगभर आघाडा हाय की!"

"त्यो न्हाई चालत. त्याच्यावर कुत्री मुतत्यात. वढ्याच्या पल्याडचा लागतो."

गवताची कुसळं धोतरात घुसायली, माझ्या कानात तिचा आवाज, अन् हा दर बांधावर थांबायचा. "दाजी, त्यो नीळकंठ बघा."

"आग लाव त्याला! तिकडं तुझी बहीण मरायलीय."

"हळू. भोरड्या उठत्याल."

उठल्याच. ज्वारीवरून सगळा थवा भुर्रकन गेला अन् हा तोंड उघडं टाकून बघत राहिला. पुढं आघाडा सापडला, तर त्याच्यापुढं मांडी घालून बसला. "आवतण द्यायचं राहिलं, देवा, माफी कर." मी मुळीला हात घातला तर केवढ्यानं वरडला, "सावली पडली तुमची! आता दुसरा बघा." मी दगड उचललाच होता. पण त्यानं हात जोडलेलेच होते, म्हणून टाकून दिला.

उन्हं तापल्यावर परतलो. मुलगी झाली होती. बायको जिवंत होती. मी मुळी पुढं केली तर सुईण म्हणाली, "आता कशाला? ह्यानं पहाटंच उकिरड्यावरची आणून दिली की. म्याच म्हणलं, दाजीला लांब ने. नवरा दारात बोंबलायला लागला की बाई जीव सोडती." मेव्हणा पायातले काटे काढत बसला.

त्यानंतर बायको लय वर्षं जगली. यंदा दिवाळीनंतर गेली. बाया तिला आंघोळ घालायला लागल्या, तरी हा म्हातारा उंबऱ्याला खिळलेला. त्याला ती एकच बहीण होती. मी त्याचा दंड धरला, म्हणालो, "चल, जरा बाहेर जाऊन येऊ." माझ्यामागं आला. बाभळीवर एक पाखरू बोलत होतं.

"कोणतं रं हे?" मी विचारलं.

त्यानं वर पाहिलंच न्हाई.