उकिरड्यावर काठी घेऊन

बायकोची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी काठी घेतली अन् उकिरड्यावर जाऊन बसलो. काठी बोरीची, गाठीगाठीची. मारासाठीच निवडली होती.

शाळेतल्या बाईंनी वही आणून दिली. म्हणाल्या, आबाजी, आपली वस्ती, आपला पुरा साफ कसा झाला ते तुमच्या हातानं लिहा, पोरं वाचतील. चांगलं चांगलं लिहा म्हणाल्या. चांगलं जेवढं होतं तेवढं लिहितो. बाकीचंही लिहितो, कारण ते जास्त आहे. मी चौथी शिकलो. चुका दिसतील त्या दिसू द्या.

आमचा पुरा वाशिमातला जुना. माझ्या लहानपणी गाव इथं संपायचं. पुढं नाला, अन् नाल्यापलीकडं आमचे भाजीचे मळे, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नाल्याच्या काठी गावाचा उकिरडा. आम्ही माळी लोकं तो उकिरडा बैलगाडीत भरून मळ्यात न्यायचो, खत म्हणून. उकिरड्यासाठी भांडणं व्हायची तेव्हा, मले दोन गाड्या जास्त पाहिजे म्हणून. मग पन्नी आली, प्लास्टिकची पिशवी. पन्नीचं खत होत नाही. आमच्या गाड्या बंद झाल्या, मळ्यात प्लॉट पडले, गाव नाल्यापार कोसभर पसरलं, अन् जो उकिरडा गावाबाहेर होता तो गावाच्या पोटात आला. वरच्या गल्लीत आम्ही माळी, खालच्या गल्लीत गादीवाले, दर्जी, ऑटोवाले. दोन्ही गल्ल्या कचरा तिथंच टाकायच्या. अन् डुकरं. बाहेरचे लोक आमच्या पुऱ्याले डुक्करपुरा म्हणत, अन् आम्हीही म्हणत होतो, हसून.

बायको बाजारातून उरलेली भाजी डोक्यावर घेऊन येत होती. उकिरड्यापाशी पिल्लंवाली डुकरी होती. काहून बिथरली कोण जाणे, सरळ पायात घुसली. बायको पडली ती उठली नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी पोचलो तेव्हा दोघं जण मोबाइल धरून उभे होते. ती मले म्हणाली, "भाजी उचला आधी, लोकं तुडवतीन."

दोन महिने ती गादीवरून उठली नाही. पाठीले जखमा पडल्या. मी धुवायचो, ती तोंड फिरवायची. एका सकाळी मी चहा घेऊन आलो तं ती गेली होती.

म्हणून काठी.

पहिल्याच दिवशी चार जणांले मारलं. एक मास्तर होता, पिशवी टाकून वळला, त्याच्या पाठीवर दिली. बायांले मारलं नाही, त्यांची पिशवी उचलून त्यांच्याच अंगणात नेऊन फोडली. आठव्या दिवशी ती डुकरी सापडली. मी लोखंडी सब्बल घातली डोक्यात. एका घावात मेली नाही, तीन लागले. पिल्लं बाजूले ओरडत होते. मालक कोण म्हणून मी दोन्ही गल्ल्यांत विचारलं. कोणीच मालक निघाला नाही. पोराबाळांनी माझ्याकडं पाहून रस्ता बदलायले सुरुवात केली. मले बरं वाटत होतं. हे खोटं लिहिणार नाही, मारल्यावर तेवढा वेळ बरं वाटायचं.

मग ऑटोवाला आला. खालच्या गल्लीतला, तिशीतला गडी. कुठल्या तरी लग्नातल्या उष्ट्या पत्रावळ्यांचं पोतं त्यानं ऑटोतून उतरवलं अन् फेकलं.

"उचल ते," मी म्हटलं.

"बुड्या, तुह्या बापाची जागा हाय का?"

"बायकोची हाय."

तो हसला. त्यानं पोत्याले लात मारली, पत्रावळ्या माझ्या पायावर आल्या. मी काठी उचलली, त्यानं हात आडवा धरला, अन् काठी मनगटावर बसली. वाळलेली तुराटी मोडते तसा आवाज झाला. तो खाली बसला. मी अजून दोन दिल्या, बसलेल्याले. त्या द्यायची गरज नव्हती.

पोलीस आले. ऑटोवाल्याचा हात प्लास्टरमध्ये, धंदा बंद, अन् अख्खा पुरा साक्ष द्यायले तयार. मधात पडला तो गादीवाला. तो अन् मी सोबतच वाढलो, नाल्यात सोबत पोहलो, तेव्हा नाल्यात पोहता यायचं. त्यानं ऑटोवाल्याच्या घरी दोन दिवस बैठक मारली. काय बोलला मले माहीत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आला.

"केस नाई करून राह्यला तो," म्हणाला. "पन काठी सोड तू."

"मंग उकिरडा कोन हटवन? तू?"

"देख भाऊ, महिनाभर झाला तू मारून राह्यला. उकिरडा तसाच हाय, उलट दोन गल्ल्या दुश्मन झाल्या. असा चालला तं तू मरशीन अन् उकिरडा तुह्या तेरवीले जेवाले येईन."

"मंग काय करू, हात जोडू लोकाइले?"

"हात लाव म्हन्तो मी. दर ऐतवारी दोन्ही गल्ल्या. घरटी एक मानूस. मी बोलतो खाली, तू बोल वरती."

वरती मी बोललो नाही. वरच्या गल्लीत कोणाले हात जोडणं माझ्याच्यानं झालं नाही.

ते काम पाण्यानं केलं. आषाढात एका दुपारी असा पाऊस पडला का नाला फुगला अन् पुलाखालच्या सिमेंटच्या पाइपातून पाणी निघेच ना. मागं फिरलं, खालच्या गल्लीत घुसलं. गादीवाल्याच्या दुकानात कापूस कमरेएवढ्या पाण्यात तरंगत होता. वरच्या गल्लीतही दोन घरं भरली, पुतण्याचं एक. पुतण्या माझ्या मोठ्या भावाचा, अंगानं दांडगा. तो खालच्यांले शिव्या देत होता, खालचे वरच्यांले. पाणी उतरल्यावर दोन्ही गल्ल्यांनी एकच ठरवलं: ऐतवारी पाइप मोकळा करायचा, अन् कोणाच्या कचऱ्यानं तुंबला ते डोळ्यानं पाहायचं. म्हणजे लोक आले ते पुऱ्याच्या प्रेमानं नाही आले. दुसऱ्याले पकडायले आले.

पण आले. साठसत्तर माणूस. फावडे, टिकास, घमेले. असं पुऱ्यात मी कधी पाहिलं नव्हतं. पहिला तासभर तं कोणी कोणाशी बोललं नाही, मग कोणाचा तरी पाय घसरून तो पार मांडीपर्यंत चिखलात गेला अन् दोन्ही गल्ल्या हसल्या. खालच्या बायांनी चहा आणला, वरच्यांनी घेतला. एक म्हातारी मले म्हणाली, "आबाजी, आज काठी घरी इसरले का जी?" मीही हसलो. ऑटोवाला गळ्यात हात अडकवून काठावर बसून होता, एका हातानं पन्न्या वेचत.

दुपारच्या आत आम्ही पाइपाच्या तोंडाशी पोचलो. सब्बल आत घातली तं ती कशात तरी रुतली. मऊ. चारपाच जणांनी आकडे लावून ओढलं. आधी कापसाचा काळा बोळा आला, मग कापड, मग पुरी गादीच तोंडाशी येऊन अडकली. पाण्यानं फुगलेली.

"गादी हाय," कोणी म्हणालं.

अन् सगळे गादीवाल्याकडं पाहायले लागले.

पुतण्या पुढं झाला. "गादीचा धंदा कोनाचा हाय इथं? जुन्या गाद्या नाल्यात कोंबते, अन् वरून आमाले सफाई शिकवते?"

गादीवाला गादीकडं पाहत होता. खोळ हिरवी, तिच्यावर पिवळे ठिपके. ते माझ्या बायकोचं लुगडं. पंधरा वर्षांमागं ती स्वतः ते लुगडं घेऊन त्याच्या दुकानात गेली होती, का नवं कापड अंगाले टोचते, याची खोळ करून दे. टाके त्याचे होते. त्यानं मान उचलून माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

मेलेल्याचं अंथरूण गावाबाहेर टाकायचं, ही आमची रीत. बाप मेला तेव्हा मी असंच टाकलं, आई मेली तेव्हाही, इथंच, शिवेवर. बायको गेली त्या दिवशीही मी गादी गुंडाळली अन् जिथं टाकतात तिथं टाकून आलो. डोक्यात गाव अजून तिथंच संपत होतं. तिले मी उकिरड्यावर टाकली असं मले वाटलंच नव्हतं. अन् त्यानंतर तेरा दिवसांनी मी तिथंच काठी घेऊन बसलो, दुसऱ्यांचे हात मोडायले. डुकरांनी गादी नाल्यात ओढली असेल. मी पाहिलं नाही.

हे सगळं मले पाइपाच्या तोंडाशी कळलं. बोलायले तोंड उघडलं नाही. दोन महिने ती त्या गादीवर पडून होती, त्या गादीवर काय काय होतं ते मले माहीत. सत्तर लोकांसमोर ती गादी तिची म्हणायची? अन् सांगितलं तं त्या ऑटोवाल्याच्या मनगटाचं काय? दोन्ही गोष्टी होत्या. कोणती जास्त होती, अजून सांगता येत नाही.

पुतण्यानं फावड्याच्या दांड्यानं गादीवाल्याच्या खांद्यावर दिली. तो हलला नाही.

"बोल ना आता. कोनाची हाय?"

दुसरा दांडा पाठीत बसला. तो एका गुडघ्यावर आला. खालच्या गल्लीतून दगड उचलल्या गेले. तिसरा दांडा भुवईवर बसला अन् कातडी उघडी झाली, डोळा रक्तानं भरला. तरी तो माझं नाव घेईना.

"गादी माही हाय," मी म्हटलं. "तिची हाय. मी टाकली."

आधी कोणाले समजलं नाही. मी परत सांगितलं, मोठ्यानं. कोणती गादी, कधी टाकली, समदं.

पुतण्याच्या हातातला दांडा खाली आला. ऑटोवाला काठावरून उठला, चिखलातून माझ्यापाशी आला. मी हलायचं नाही असं ठरवलं. त्यानं चांगल्या हातानं तोंडावर ठोसा दिला. डावा हात, पण पुरा दिला. समोरचा दात तुटून जिभेवर आला.

"कोनाची जागा हाय म्हनला होता?" तो म्हणाला. "सांग आता, कोनाची हाय?"

मी चिखलात बसलो होतो. पुतण्या त्याच्यावर धावला, खालचे पुतण्यावर. एक दगड कोणाच्या तरी डोक्यात बसला. बाया घमेले टाकून पळाल्या. अजून दोन मिनिटं गेली असती तं त्या दिवशी पुऱ्यातून तिरड्याच निघाल्या असत्या. मी दात थुंकलो, उठलो, अन् त्या गादीले मिठी मारून ओढायले लागलो. एकट्यानं निघणारी नव्हती. मी ओढत होतो अन् तोंडातलं रक्त खोळीवर पडत होतं.

"मारून झालं असन तं धरा इथं," मी म्हटलं. "नाई तं मले मारा अजून, पन कोनी तरी धरा."

पहिले धरायले आला तो भुवई फुटलेला. एका हातानं डोळा दाबून दुसऱ्या हातानं त्यानं कोपरा धरला. त्याले पाहून खालच्या गल्लीतले दोघं आले. मग पुतण्या आला, खाली मान घालून. गादी सुटली तसं मागचं सगळं पाणी एकदम पाइपात घुसलं अन् आम्ही पाचही जण त्याच्यात पडलो. ते पाणी अंगावरून गेल्यावर कोणी वरचा का खालचा ते ओळखू येत नव्हतं, सगळे काळे.

निम्मे लोक त्या दिवशी घरी गेले ते गेले. निम्मे पुढच्या ऐतवारी आले. ऑटोवालाही आला. पुतण्या तिसऱ्या ऐतवारी आला, बायकोनं ढकलून पाठवला. आता उकिरड्याच्या जागी मोकळी जमीन आहे, बाकं टाकायचं चाललं आहे, अन् कोण्या घरचं कोणी मेलं तं अंथरूण आधी मले दाखवतात. मी ते भाजीच्या ठेल्यावर घालून शहराबाहेरच्या कचरा डेपोवर नेतो. हे काम मी मागून घेतलं. अजूनही कोणी पिशवी फेकली तं माझा हात उठते. ऑटोवाला म्हणते, "आबाजी, उरलेले दात हायेत ना?" अन् मी हात खाली घेतो.

त्या ऐतवारी संध्याकाळी मी गादीवाल्याच्या दुकानात गेलो होतो. भुवईवर टाके पडले होते. तो ओला कापूस चटईवर पसरवत होता. मी त्याच्यासमोर बसून कापूस मोकळा करू लागलो.

"नाव काहून नाई घेतलं माहं?" मी विचारलं.

"भाभीची गादी होती."

"मंग?"

"मंग काय. मी कायले सांगू लोकाइले? तुह्या घरची गोठ, तू सांगायची." त्यानं कापसाचा गोळा फोडला. "मले वाटलं, पहिल्या दांड्याले तू बोलशीन. दुसऱ्याले तं पक्का बोलशीन. तीन खाल्ले मी."

मी कापूस मोकळा करत राहिलो.

दर ऐतवारी तो माझ्या बाजूलेच काम करते. घमेलं दे, बाजूले हो, दोरी धर, एवढं बोलते. त्याउपर एक शब्द बोलत नाही. मी दर ऐतवारी जातो.