नागासाकीच्या चर्चमधली फिलूची जागा

मेलेल्या माणसाचा हेवा करता येतो. मी करतेय.

आज फिलूला जाऊन वर्ष झालं.
सकाळपासून तिच्या फोटोखाली तुम्ही जे लिहिताय ते वाचून आणखीच जळफळाट होतोय. तुमच्यातल्या निम्म्यांशी तिची ओळख मीच करून दिली होती.

फिलू म्हणजे फिलोमिना. वसईची. जपानमध्ये त्सुकुबात माझी रूममेट, शेजारच्या लॅबमधली पोस्टडॉक.
माझं जपानी N2, म्हणजे वरून दुसऱ्या पातळीची परीक्षा पास. तिचं जपानी म्हणजे 'सुमिमासेन' (माफ करा) आणि हसू.
तरी पाऊस आला की कोन्बिनीचे, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाचे काका छत्री तिलाच द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी नागासाकीचं ते प्रसिद्ध कॅथलिक चर्च बघायला गेलो. तिकिटं, हॉटेल, बस, सगळं प्लॅनिंग माझं.

आत शिरले आणि बघतच राहिले. रंगीत काचांमधून आलेला निळा-लाल उजेड बाकांवर पसरलेला, वेदीवर सोनेरी नक्षी, वर कमानीच कमानी.
मी मान वर करून बघत होते. फिलूने गुडघा टेकला, क्रूसाची खूण केली आणि स्वतःच्या घरात बसावं तशी बाकावर जाऊन बसली.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, जपानीत. शब्द मला कळत होते, उठायचं-बसायचं कधी ते तिला.
शेजाऱ्याकडे वळून हात जोडायची वेळ आली, तेव्हा तिने मला कोपर मारलं आणि हात जोडून म्हणाली, "शांती असो गं."

शेजारी एक जपानी आजी होत्या, डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेल्या. त्यांनी बॅगेतली जास्तीची ओढणी काढून फिलूच्या डोक्यावर घातली होती. मला नुसतं स्माईल.

मिस्सा संपल्यावर त्या तिचा हात सोडेनात. भाषांतराला मी.
तू त्यांना नातीसारखी वाटतेस, हे मी माझ्या तोंडाने तिला सांगितलं. N2चा हा उपयोग.

परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले.
"जळतेस ना?"
"हो."
"जळ. पण खाऊन जळ." आजींनी दिलेल्या कासुतेरा केकचा मोठा तुकडा तिने मला दिला.

मग ती आजारी पडली. वसईला गेली आणि तिथेच संपली.
तिथेही माझ्याआधी नंबर लावला बाईने.

आज सकाळी मी एकटीच त्या चर्चमध्ये गेले.
आजी त्याच बाकावर होत्या. मला ओळखलं आणि पहिला प्रश्न, "फिरु-सान कुठे आहे?"

कोणी वारलं तर ते आदराने कसं सांगायचं, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तसंच सांगितलं.

आजींनी बॅगेतून तीच ओढणी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर नीट बसवली.

हात जोडायची वेळ आली. मी डावीकडे वळले, गेल्या वेळी ती होती तिकडे.
बाक रिकामा होता.
उजवीकडे आजी हात जोडून थांबल्या होत्या.

ओढणी हवी होती ना मला? मिळाली. तीही तुझ्या वाट्याची.

अजून जळतेय गं. स्टेशनवर कासुतेरा घेतलाय. मोठा तुकडा तुझा.

शांती असो, फिलू.