चारचौघींसारखे कपडे

एदविजला लाल रंग फार शोभायचा. तिची आई म्हणायची, शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, आणि लग्न झाल्यावर रेजिसही म्हणाला. पहिल्याच हिवाळ्यात त्याने तिला लालभडक लांब कोट घेऊन दिला. "आता तू कुठेही असलीस तरी मला लांबून दिसशील," तो म्हणाला. त्यांच्या क्लेरमाँत शहरातल्या त्या दुकानात सगळे हसले. एदविजही हसली.

त्या वाक्याचा अर्थ तिला हळूहळू कळत गेला. बाजारात भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोलून वळावं, तर ट्रामच्या थांब्याशी रेजिस उभा. बहिणीकडे जाऊन उशीर झाला, तर कोपऱ्यावर रेजिस उभा. मग घरी विचारपूस. विचारपूस संपली की दंड धरायचा; कोपराच्या वर, बाहीखाली झाकलं जाईल अशाच जागी. तोंडावर त्याने कधी हात टाकला नाही. विमा कंपनीतला नीटनेटका माणूस तो, जिन्यात म्हाताऱ्या शेजारणींच्या पिशव्या उचलणारा. सांगितलं असतं तरी कोणाला खरं वाटलं असतं?

मार्चमधल्या एका सकाळी तो कामावर गेला आणि ती निघाली. कोट खुंटीवरच राहू दिला. तिकीट नाँतपर्यंतचं होतं, पण तूरला गाडी बदलल्यावर मागच्या बाकावर कोणीतरी रेजिससारखं खाकरलं. वळून बघायचा धीर झाला नाही. पुढचं स्टेशन आलं तशी ती उतरली. ते सोम्यूर होतं.

थंडीत नुसत्या पातळ स्वेटरवर ती फलाटावर उभी राहिली आणि बरोबर उतरलेल्या बायकांकडे बघत राहिली. गडद निळे कोट, करड्या पँट, गळ्याशी पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची खलाशी बनियन, सपाट बूट. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. त्या बायका गर्दीत शिरल्या आणि बघता बघता दिसेनाशा झाल्या. एदविजच्या मनात आलं, मला हे पाहिजे.

चर्चमागच्या जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानातून तिने निळा लोकरी कोट उचलला आणि कोपराला रफू केलेली आर्मोर-लक्स कंपनीची पट्टेरी बनियन. केस तिथल्याच न्हाव्याकडे मानेपर्यंत कापून घेतले. आरशात बघितलं तर स्वतःला शोधावं लागलं. कित्येक महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

बाजारचौकातल्या मादाम सोलांजच्या कपड्यांच्या दुकानात तिला काम मिळालं ते याच कपड्यांमुळे. सोलांज तेव्हाच सत्तरीला टेकलेली, जिभेला हाड नसलेली बाई. एदविजला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ती म्हणाली, "पोरी, तुला कपड्यांतलं कळतं. या गावात निम्म्या बायका ख्रिसमसच्या झाडासारख्या फिरतात. उद्यापासून ये."

एदविजला कपड्यांतलं कळत नव्हतं, लपण्यातलं कळत होतं. पण गिऱ्हाइकांना ते सारखंच वाटलं. दहा वर्षं घालता येईल असं काही दाखवा म्हणून बायका यायच्या आणि एदविज न चुकता तेच चार नग काढायची: सेंट जेम्सचा खांद्यावर बटणं असलेला निळा लोकरी स्वेटर, 'प्ती बातो' कंपनीची साधी सुती बनियन, मोत्याच्या बटणांचं 'अन्येस बी' कंपनीचं जाकीट, आणि एक पांढरा शर्ट. "बाई दिसली पाहिजे, कपडा नाही," ती म्हणायची. बायका माना डोलवायच्या. ती हे कशापोटी म्हणते आहे, हे त्यांना कुठून कळणार! गल्ल्यामागून सोलांज पुस्ती जोडायची, "घ्या हो, सेंट जेम्सचा स्वेटर नवऱ्यापेक्षा जास्त टिकतो. आणि विटला तरी तोंड वाकडं करत नाही."

अशी वर्षं गेली. पण भीती मुरत गेली. दुकानातला मोठा आरसा तिने असा फिरवून घेतला होता की कुठेही उभी असली तरी दार दिसावं. मागच्या अंगणात उघडणाऱ्या दरवाज्याची कडी ती रोज सकाळी काढून, लावून बघायची. घटस्फोट तिने मागितला नाही, कारण कागदावर पत्ता घालावा लागला असता. रेजिसच्या सांगण्यावरून पोलिसांनी एकदा तिला हुडकून काढलं होतं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "मी सुखरूप आहे. त्याला मी कुठे आहे ते सांगू नका." तक्रार करायची आहे का, असं पोलिसाने विचारलं, तर तिने दार लावून घेतलं. सोलांजने एक शब्द विचारला नाही, पण आरसा का फिरवला हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असावं.

ऑक्टोबरातला शनिवार होता, बाजाराचा दिवस. चौकात मांडव लागलेले, दुकानात वर्दळ. एदविज आतल्या बाजूला गुडघ्यांवर बसून मादाम पेल्तिए या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पँटच्या पायांची घडी टाचत होती. तोंडात टाचण्या. दार वाजलं, आरशात गर्दी होती म्हणून तिला नीट दिसलं नाही. मग आवाज आला.

"हिला कोट हवाय. काहीतरी उठून दिसणारं दाखवा."

एदविजच्या हातातली टाचणी कापडात अर्धी शिरून तिथेच थांबली.

"उठून दिसणारं?" सोलांज म्हणाली. "त्यासाठी दिव्याच्या खांबाला कपडे घालतात, मस्यू. आमच्याकडे निळं आहे, करडं आहे..."

"तो तिथे टांगलाय ना, लाल. तो."

लाल कोट वर्षभर तिथे होता. कंपनीने चुकून पाठवला होता आणि सोलांजने हट्टाने परत केला नव्हता.

"इकडे लग्न आहे हिच्या चुलत बहिणीचं," रेजिस मोकळेपणाने सांगत होता. लोकांना तो असाच आवडायचा. "फोटोत दिसायला नको का?"

"अगं, काय झालं?" वरून मादाम पेल्तिएने विचारलं. "टोचलं का काही?"

एदविजने मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या ते एक बरं, नाहीतर ती किंचाळली असती. पावलं तिच्याच दिशेने येत होती. तिच्या पाठीमागे, हात लांबवला तर खांद्याला लागेल एवढ्यावर, पावलं थांबली.

"मादाम, आरसा कुठाय?"

तो तिलाच विचारत होता. न वळता, मान खाली घालून, एदविजने हात उचलला आणि डावीकडे बोट दाखवलं.

"मेर्सी," तो म्हणाला आणि गेला.

त्याने ओळखलं नव्हतं. पट्टेरी बनियन, आखूड केस, वाकलेली पाठ. दुकानातली कोणीही बाई.

तिने टाचण्या तळहातावर काढल्या, मादाम पेल्तिएला "आलेच हं" म्हटलं आणि कपडे बदलायच्या पडद्यांमागून मागच्या दरवाज्याशी आली. कडी काढली. अंगणातली गार हवा तोंडावर आली. इतकी वर्षं ज्याची तालीम केली ते एवढंच होतं. आता पाय उचलायचा बाकी. तेवढ्यात शेजारच्या पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला, हळू, फक्त आतल्या बाईला ऐकू जावा असा.

"बाहेर ये. बघू दे. हळू वळ. हळू म्हटलं ना, नादेज."

आतून बाई म्हणाली, "हो, बटण लावते आहे." त्या 'हो' मधली घाई एदविजने ओळखली. तो तिचाच 'हो' होता.

पुढे तिने जे केलं ते धीराने केलं असं म्हणवत नाही. तिचे दात वाजत होते. सोलांज गल्ल्यावरून रेजिसला हाका मारत होती, "अहो मस्यू, हे मफलर बघा," आणि तो तिकडे वळला म्हणून, एवढंच. एदविजने बाजूच्या पडद्याची कड उचलून आत डोकं घातलं.

नादेज तिशीची, बारीक अंगाची होती. कोट अर्धा घातलेला; उघड्या दंडावर, कोपराच्या वर, पिवळं पडत चाललेलं चार बोटांचं निशाण.

"ओरडू नका," एदविज कुजबुजली. "ते कशाने झालं हे मी विचारत नाही. मला माहीत आहे."

नादेजने झटकन हात कोटात लपवला. "कोण तुम्ही?"

"मी त्याची बायको. एदविज."

नादेज मागे सरकली. "तो विधुर आहे," ती म्हणाली. "तुम्ही नदीत बुडालात. मला त्याने फोटो दाखवलाय. लाल कोटातला."

बाहेर रेजिस म्हणाला, "झालं का गं?"

"झालं!" नादेजने आवाज दिला आणि पडदा सारून ती बाहेर गेली.

कोट त्यांनी घेतला. दार वाजलं, बंद झालं. एदविज अंगणाच्या उंबऱ्यावर बसून राहिली. कितीतरी वेळाने सोलांज आली, शेजारी टेकली.

"तोच का गं?"

"तोच."

"वाटलंच. इतकं छान बोलणाऱ्या पुरुषाला मी विश्वासाने मफलरसुद्धा विकणार नाही." तिने एदविजचा हात धरला. "त्याने पाहिलं तुला?"

"नाही. पण तिला सांगितलं मी. मादाम, मी तिला नाव सांगितलं! ती आता गाडीत बसून त्याला सांगत असेल."

तिथून पुढचे आठवडे एदविजने कसे काढले ते तिलाच ठाऊक. स्वतःवर ती चडफडायची: इतकी वर्षं जपलेलं एका श्वासात उधळलं, तेही अनोळखी बाईपुढे. मार झेलणारी बाई नवऱ्याची बाजू घेते, हे तिला स्वतःवरूनच माहीत होतं. बहिणीने विचारलं तेव्हा तिनेही रेजिसचीच बाजू घेतली नव्हती का? ती नदीवरच्या पुलावरून जाईनाशी झाली. रस्त्यात क्लेरमाँतकडच्या नंबराची गाडी दिसली की जवळच्या कुठल्याही दुकानाच्या पायरीवर चढून उभी राहायची. सोलांजने तिला आपल्या वरच्या मजल्यावर राहायला आणलं आणि दुपारी दुकान बंद असताना जबरदस्तीने जेवायला बसवू लागली.

जानेवारीत अशाच एका दुपारी, सोलांज वर कांदापातीचं सूप गरम करत असताना, खाली कोणीतरी काचेवर टकटक केलं. एदविज जिन्यातून वाकून बघत खाली आली. काचेबाहेर नादेज उभी. डोक्याला ओढणीसारखा रुमाल, हातात लहान बॅग.

एदविजला पहिल्यांदा तिच्या मागचा रस्ता दिसला. तो असणार. कोपऱ्यावर, मांसवाल्याच्या छपराखाली, कुठेतरी असणारच. दार उघडलं की तिला बाजूला सारून आत येणार. हात कुलपाकडे जाईना. नादेज काचेला कपाळ टेकून काहीतरी म्हणत होती. आवाज येत नव्हता, ओठ नुसते हलत होते.

एदविजने कुलूप काढलं, तिला दंडाऐवजी मनगटाला धरून आत ओढलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

"तो?"

"नोकरीवर आहे. संध्याकाळपर्यंत कळणार नाही." नादेज जमिनीवरच बसली. "मी सांगितलं नाही हो त्याला. गाडीत विचारलं त्याने, आत कोणाशी बोलत होतीस. मी म्हटलं, दुकानातली बाई टाचण्या गोळा करत होती."

वरून सोलांज ओरडली, "कोण आहे गं? सूप निवतंय!" आणि मग जिन्यातून डोकावून दोघींना बघितल्यावर, "तिसरं ताट घेते," म्हणाली.

जेवण झाल्यावर कोट चढवून सोलांज दोघींना पोलिसचौकीत घेऊन गेली. एदविज दारापर्यंत गेली आणि मागे फिरली, पुन्हा गेली. "एकटी बाई सांगते तेव्हा म्हणतात, नवरा-बायकोचं भांडण," सोलांज म्हणाली. "दोघी सांगतात तेव्हा त्याला गुन्हा म्हणतात. चल."

खटला क्लेरमाँतला चालला. सुनावणीच्या दिवशी रेजिसने मान वळवून एदविजकडे पाहिलं, आणि बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या नातेवाइकासारखं हसला. ती उठून बाहेर गेली, न्यायालयाच्या स्वच्छतागृहात ओकली, तोंड धुऊन परत आली आणि साक्षीला उभी राहिली. आवाज इतका बारीक निघत होता की न्यायाधीशबाईंनी तिला दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. तिने सांगितलं. त्याला तुरुंगवास झाला, घटस्फोटही झाला. नादेज ब्रेस्टला मावशीकडे निघून गेली.

तो मागच्या वसंतात सुटला. दोघींच्या जवळ फिरकायचं नाही असा हुकूम आहे, पण हुकूम काही दारात उभा राहत नाही. ही बातमी आली त्या दिवशी एदविजने बॅग काढली. स्पेनच्या सीमेकडे कुठेतरी, नाव बदलून.

सोलांज खुर्चीत बसून तिचं भरणं बघत होती. ती आता जिना धरून धरून चढायची.

"जा, मी अडवत नाही," ती म्हणाली. "पण एक सांग. इथे मांसवाला तुला ओळखतो, पेल्तिए ओळखते, चौकीतला तो लठ्ठ्या ओळखतो. उद्या तू चौकात ओरडलीस तर माणसं धावतील. नव्या गावात तू चारचौघींसारखी दिसशील खरी. पण ओरडलीस तर वळून कोण बघणार?"

एदविजने स्वेटर एकेक करून परत कपाटात ठेवले.

ती अजून सोम्यूरलाच आहे. शनिवारी बाजार भरला की मांडवामांडवातून मुद्दाम मोठ्याने बोलत जाते, चीजवाल्याला नावाने हाक मारते, त्याच्या सुनेची चौकशी करते. तिचा आवाज आता ओळखीचा झाला आहे. भीती गेली का, असं नादेज फोनवर विचारते. मग नादेज ब्रेस्टच्या पावसाबद्दल बोलते, आणि एदविज मादाम सोलांजच्या गुडघ्यांबद्दल.