सेन्सरच्या काचेवरचं कुंकू

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको.

इचलकरंजीत कापड रंगवून सुकवून देणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मी इलेक्ट्रिकलचं काम बघते. कोल्हापूरहून रोज एसटीनं जाते. नवरा गेल्यावर घर चालवायला धरलेली नोकरी, पण पुढं तिच्यातच जीव अडकला. आमच्याकडं ओलं कापड ताणून सुकवायचं एक लांबलचक मशीन आहे. कापड आत शिरताना त्याची कड सरळ रेषेत राहावी लागते. कड जरा सरकली की बाजूच्या पिनांतून निसटते, कापड तिरकं जातं, फाटतं. कड कुठं आहे ते सेन्सर ओळखतो आणि रोलरला सांगतो, इकडं सरक, तिकडं सरक. सगळा खेळ त्या सेन्सरवर.

नवे सेन्सर घ्यायचे ठरले तेव्हा मी आवाजावर चालणारे मागितले. आपल्याला ऐकू न येणारा आवाज एका बाजूनं सुटतो, मध्ये कापड आलं की अडतो, त्यावरून कड कळते. जाळीदार कापडाला ते चालले नसते, आवाज आरपार गेला असता. पण आमचं सगळं दाट शर्टिंग. आणि शेडमध्ये कापसाचं तूस एवढं उडतं की दुपारपर्यंत माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. उजेडावर चालणाऱ्या सेन्सरच्या काचेवर ते बसणार आणि सेन्सर फसणार, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. मॅनेजर सगळ्यांकडं बघून हसला. "बाई, मशीनला डोळे लागतात, कान नव्हेत," म्हणाला. बाकीचेही हसले. उजेडाचे सेन्सर आले.

मी रोज सकाळी त्यांच्या काचा पुसायची. तरी मधूनच एखाद्या दिवशी मशीन चालू होताच कापड वाकडं पळायचं. थोड्या वेळानं आपोआप ताळ्यावर यायचं, पण तोवर नुकसान झालेलं असायचं. मॅनेजर भर शेडमध्ये म्हणायचा, "बाईंना नुसत्या काचा पुसायच्या होत्या. तेवढंही होत नाही." शेवटी मालकांनी मला बोलावलं. "पोरी, आणि एकदा कापड वाकडं गेलं तर तू स्टोअरला बस. तितं काय वाकडं जायाचं न्हाय." स्टोअर म्हणजे पत्र्याची खोली. खिडकीतून बल्ब आणि नटबोल्ट द्यायचे, संपलं. मॅनेजर तिथंच उभा होता, खाली बघत, गालातल्या गालात हसत.

कापड वाकडं जायचं ते अमावास्येला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. अमावास्येला सकाळी आमच्याकडं मशीनची पूजा असते. नारळ, हळद-कुंकू, मग बटण. पूजा मॅनेजर स्वतः करायचा, आणि त्याआधी मला हळूच सांगायचा, "बाई, तुम्ही जरा पॅनल रूममध्ये थांबा. शुभ काम आहे." आवाज असा मऊ, जणू माझीच काळजी. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मी गप जाऊन थांबायची. पोरांची फी डोळ्यांपुढं असायची ना.

मी ऑपरेटर चाचांना विचारलं. चाचांच्या घरात वडिलांपासून सगळे मागावर राबलेले. त्यांनी आजूबाजूला बघितलं.

"म्याडम, सायेब त्या सेन्सरच्या काचंवरच वलं कुंकू लावत्यात. मशीनचा डोळा म्हणून. कापड पळाय लागलं की मी गपचिप पुसतो."

"मग सांगितलं का नाही, चाचा?"

"काय सांगू? सायबानं लावल्यालं कुंकू मी पुसलं, असं माझ्या तोंडनं सांगू व्हय?"



कुंकवाचा थर उजेड अडवतो. सेन्सरला वाटतं कापडच आपल्यापुढं जास्त सरकलंय, म्हणून तो ते पलीकडं ढकलतो. एवढी साधी गोष्ट. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन चार शब्दांत सांगता आली असती. पण इतक्या स्वस्तात मला त्याला सोडायचं नव्हतं. मी चाचांना म्हटलं, "पुढच्या खेपेला हात लावू नका." ते म्हणाले, "कापड फाटंल की." मी म्हटलं, फाटू दे. डाव फसला असता तर दुसऱ्या दिवशी मी पत्र्याच्या खोलीत बसले असते, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या अमावास्येला मालक आले होते. मी मशीनपाशी उभी राहिले. मॅनेजर जवळ आला, "बाई, पॅनल रूम..."

"मालक, हे मशीन मी बघते. मी इथंच थांबते," मी मोठ्यानं म्हटलं.

"थांबू दे की," मालक म्हणाले.

पूजेचं ताट मीच उचललं आणि मॅनेजरपुढं धरलं. त्याला नाही म्हणता येईना. त्यानं बोट बुडवलं आणि काचेवर टिळा ओढला. "आणि थोडं लावा, साहेब," मी म्हटलं. त्यानं लावलं.

बटण दाबलं. कापडाची कड पलीकडं सरकत गेली, पिनांतून सुटली, आणि फाटायचा आवाज आला. मॅनेजर ओरडला, "बाई, काच पुसली होती का?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. "आता पुसते," म्हटलं आणि पांढऱ्या ओढणीच्या टोकानं ते कुंकू सगळ्यांदेखत पुसलं. कड हळूहळू जागेवर आली. लाल टोक मी मालकांपुढं धरलं.

"दर अमावाशेला ह्येच व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"हो, मालक," मी सांगितलं.

"मग आजपातूर पुसत कोण हुतं?"

चाचांचा हात मशीनच्या दांड्यावरच थांबला.

"मी," मी म्हटलं.

"आणि बोलली का न्हाईस?"

"काचेवर लाल दिसायचं, पण कोण लावतंय ते कसं कळणार? पूजेला मला उभं करत नव्हते, मालक. आज पहिल्यांदा बघितलं."

मालक मॅनेजरकडं बघत राहिले.

आता मशीनवर आवाजाचे सेन्सर आहेत आणि स्टोअरच्या खिडकीत तो बसतो. अमावास्येची पूजा मी करते. पूजा झाली की प्रसादाचं ताट घेऊन आधी त्याच्याकडं जाते. शिपायाला पाठवता येतं, पण मी स्वतः जाते. तो खाली बघतच हात पुढं करतो. मी खोबऱ्याचा तुकडा हातात धरून ठेवते, तो मान वर करेपर्यंत. मग त्याच्याच मऊ आवाजात म्हणते, "शुभ काम होतं, साहेब. म्हणून तुम्हाला बोलावलं नाही."