पुढच्या सीझनचा पास रश

एखाद्या बाईने मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्चीत तीन सीझन काढले, की तिच्याकडे किस्से साठतातच. ते जमवायला जावं लागत नाही. आपण पोरीला केळं भरवत असतो आणि समोर काहीतरी घडतं. तेच किस्से पुरुष बार्बेक्यूला सांगतात तेव्हा शेवटी सगळे हसतात. मी फोनवर आईला सांगते तेव्हा ती शेवटी एकच विचारते, "मग जावईबापूंना कुठं लागलं का गं?"

आमचे हे, सुनील, साताऱ्याकडचे. डिझेल मेकॅनिक. इथे कांगारूंच्या देशात, टार्निटला आलो तेव्हा ट्रकच्या वर्कशॉपला लागले. तिथे ट्रक घेऊन येणाऱ्या डॅरेनने एकदा ह्यांना ट्रकचं टायर एकट्याने उचलताना पाहिलं आणि म्हणाला, "मेट, तुला फुटबॉल खेळायचाय?"

इथे सगळे फूटी म्हणून जो फुटबॉल खेळतात, तो नव्हे. हा अमेरिकन. हेल्मेट घालून एकमेकांना धडका मारायचा. डॅरेन त्या टीमचा कोच. आणि ह्यांचं काम काय, तर पास रश! म्हणजे समोरच्या टीममधला जो गडी बॉल फेकतो, त्याने फेकायच्या आत त्याच्यावर धावून जायचं आणि त्याला पाडायचं. मी त्या गड्याला 'फेकणारा' म्हणते. त्याला पाडायला आमच्या टीमला जमतच नव्हतं. म्हणून तीन वर्षं आमच्या घरात एकच चर्चा, पुढच्या सीझनला पास रश सुधारणार का?

घरात बाकी काही सुधारायचं राहिलंच नाही जणू!

*

पहिलीच मॅच. हे गावाकडे कबड्डीत चढाई करायचे. तालुक्यात नाव होतं.

शिट्टी झाली. हे समोरच्या दोन धिप्पाड गोऱ्यांच्या मधून असे काही निसटले की डॅरेन जागेवर उड्या मारायला लागला. थेट फेकणाऱ्यापर्यंत पोचले. तो घाबरून आक्रसला. ह्यांनी त्याच्या कमरेला दोन बोटं लावली, गर्रकन वळले आणि जीव तोडून आपल्या हद्दीत परत पळत आले!

आल्यावर दोन्ही हात वर. पॉइंट!

फेकणारा बिचारा क्षणभर स्वतःच्या कमरेकडे बघत राहिला. मग त्याने आरामात बॉल फेकला आणि त्यांचा स्कोअर झाला.

डॅरेनने सुनीलचा केव्हाच सनी करून टाकला होता. तो जवळ आला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सनी, मेट, पुढच्या वेळी तिथेच थांब."

तेव्हा मीपण पोट धरून हसले होते. तेव्हा ओवी माझ्या पोटात होती.

*

टीममध्ये दुसरा मराठी माणूस प्रशांत. पुण्याचा, आयटीतला, मॅनेजर. ह्यांना इंग्रजी अडलं की तो मधे बोलतो, आणि अडलं नाही तरी बोलतो.

तो एकदा ह्यांना म्हणाला, "सुन्या, आपण साखळी लावू. दोघं हात धरून गेलो तर कोण फोडणार?"

गेले. भर मॅचमध्ये, हेल्मेट घातलेले दोन बाप्ये हातात हात घालून पळताहेत! त्यांना अडवायला असलेला गोरा बाजूला सरकला आणि वाट मोकळी करून देत म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स, बोथ ऑफ यू."

सगळं मैदान हसलं. त्याच धावेत प्रशांत अडखळला, ह्यांनी हात सोडला नाही, आणि ह्यांचा खांदा निखळला.

हातात हात घातलेल्या दोघांचा फोटो टीमच्या ग्रुपवर अजून फिरतो. खांद्याचा फोटो कुणी काढला नाही. पुढचे दीड महिने ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. एका काखेत ओवी, दुसऱ्या हाताने बटणं!

*

दुसरा सीझनही हरल्यावर प्रशांतच्या घरी बार्बेक्यू होतं. त्याने टीव्हीला लॅपटॉप लावला. रंगीत तक्ते, बाण, गोल. मथळा, 'पास रश: द वे फॉरवर्ड'. पुरुष हातात बिअर घेऊन असे गंभीर बसले होते, जणू देशाचं बजेट चाललंय.

मी ओवीला कडेवर घेऊन मागे उभी होते. बाणांकडे बघून मला एक दिसलं, ते बोलून गेले. "अहो भाऊजी, हे सगळे मधूनच पळताहेत. कडेने कुणी गेलंच नाही, तर तो फेकणारा कडेने निसटणारच ना?"

प्रशांत हसला. "वहिनी, हे जरा टेक्निकल आहे. तुम्ही ते कॉर्न जळतंय का बघा."

बघितलं. जळत नव्हतं.

दोन आठवड्यांनी प्रॅक्टिसला डॅरेन ओरडत होता, "कडेने! कुणीतरी कडेने जा!" आणि प्रशांत सगळ्यांना सांगत होता, "मी हेच म्हणत होतो, मेट."

मी सातवीपर्यंत शिकले. पण गुरं कोंडायची तर कडेने एक माणूस लागतो, हे कळायला मला सातवीपण लागली नव्हती.

*

गेल्या सीझनच्या शेवटच्या मॅचला मात्र चमत्कार झाला. हे कडेने गेले, आणि फेकणाऱ्याला उचलून आपटलं! तीन वर्षांत पहिल्यांदा! सगळे ह्यांच्या अंगावर पडले, नाचले. डॅरेनचे डोळे भरून आले.

पडताना ह्यांचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं, ते फक्त मी पाहिलं. आवाजसुद्धा ऐकला. नारळ फोडल्यासारखा.

गाडीत बसल्यावर ह्यांनी विचारलं, "पाणी आणलंस का?" मी बाटली दिली. प्यायले. वळणावर परत, "पाणी आणलंस का?" बाटली हातातच होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तिसऱ्यांदा, "अगं, पाणी आणलंस का?"

मी म्हटलं, "गाडी बाजूला घ्या."

माझं एल बोर्डाचंच लायसन आहे. शिकाऊ बाईने शेजारच्याचं ऐकून गाडी चालवायची असते. त्या दिवशी शेजारच्याला घराचा रस्ता आठवत नव्हता.

*

डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. मेंदूला मार बसलाय, पूर्ण आराम. याच्यावर आणखी एक मार बसला तर आयुष्यभराचं होऊ शकतं. ह्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये मला म्हणाले, "आराम म्हणजे ऑफ सीझनच की. तोवर तसाही आरामच असतो."

त्या आठवड्यात हे ओवीला आणायला चाइल्डकेअरला गेले. हसत घरी आले. तिची बॅग आणली, टोपी आणली, ओलं चित्र जपून दोन बोटांत धरून आणलं.

मी म्हटलं, "ओवी कुठाय?"

हे बॅगेकडे बघत राहिले.

तेवढ्यात चाइल्डकेअरचा फोन. ह्यांनी उचलला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नो वरीज, नो वरीज." नो वरीज! मी चपला न घालता पळाले. ओवी दारात टीचरचा हात धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "ममा, डॅडी टुक माय बॅग होम."

जाग्यावर बसून रडले मी. टीचरला वाटलं, पायाला चटके बसले.

*

ही गोष्ट मी प्रशांतच्या बायकोला, केतकीला सांगितली. म्हटलं, मन हलकं होईल.

ती म्हणाली, "अगं, प्रशांत तर एकदा मला मॉलमध्ये विसरून आलेला! पुरुष असतातच तसे. तू ना, फार टेन्शन घेतेस. जरा सपोर्ट कर त्याला."

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लहानपणी विहिरीच्या काठावरनं पडला होता, तरी काही झालं नाही. तू त्याला बदाम देतेस का?"

बदाम देते. रोज सात. भिजवून, सोलून.

*

मग डॅरेन घरी आला. चांगला माणूस आहे, उगाच वाईट बोलणार नाही. ओवीला कांगारूचं पुस्तक आणलं. दोन थालीपिठं खाल्ली, तिसरं मागून घेतलं. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "सनी, तुझ्याशिवाय आपल्याला पास रशच नाही."

हे असे फुलले! लग्नात आहेर मिळाला तेव्हा एवढे फुलले नव्हते.

मला राहवलं नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "डॅरेन, डॉक्टर सेज नो. वन मोर हिट, फिनिश."

डॅरेनचा चेहरा पडला. खरंच पडला. म्हणाला, "फेअर इनफ. सीझन नको. फक्त एक प्रॅक्टिस मॅच आहे, ती मोजतही नाहीत. पोरांना जरा दाखव, बस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे थालीपिठाकडे बघत होते.

डॅरेन गेल्यावर मी म्हटलं, "मॅच मोजत नाहीत, पण धडक तर मोजली जाते ना?"

हे म्हणाले, "अगं, इथं मला कोण ओळखतं? वर्कशॉपमध्ये मी 'दॅट इंडियन ब्लोक', तो कुणी इंडियन गडी. त्या मैदानावर मला सनी म्हणून हाका मारतात."

  मी एवढंच म्हटलं, "घरात तुम्हाला डॅडी म्हणून पण कुणीतरी हाक मारतं."

हे म्हणाले, "एकच मॅच."

*

तर ती एकच मॅच. रविवार, वारा असा की खुर्ची धरून बसावं लागत होतं. आम्ही निळे, समोरचे हिरवे. शेजारी केतकी सनस्क्रीन लावत सांगत होती, "बघ, किती खूश आहे तो!"

खूश होते. पाच मिनिटं होते.

मग एका हिरव्याने ह्यांना बाजूने धडक दिली. डोकं जमिनीवर आपटलं, हे उठून बसले, आणि तसेच बसून राहिले. मी ओवीला कडेवर घेऊन मैदानात कधी शिरले मला कळलं नाही.

टीमची ट्रेनरबाई ह्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली होती. तिने विचारलं, "सनी, व्हॉट डे इज इट?"

हे तिच्याकडे बघत राहिले.

प्रशांत म्हणाला, "त्याचं इंग्रजी कच्चं आहे, मी विचारतो. सुन्या, आज वार कुठला?"

हे शांतपणे मराठीत म्हणाले, "बाजाराचा."

ट्रेनरबाईने विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

प्रशांत म्हणाला, "संडे."

ह्यांच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. मी प्रशांतकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाईने वहीत टिक केली, मग मान वर करून मला विचारलं, "इज ही ओके, लव्ह?"

डॅरेन बघत होता. केतकी बघत होती. अख्खी निळी टीम बघत होती. मी म्हटलं, "नो. ही सेड मार्केट डे."

बाईने वही मिटली आणि ह्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट हळूच काढून घेतलं. डॅरेन मान खाली घालून उभा राहिला. प्रशांत दातओठ खात म्हणाला, "वहिनी, कळतंय का तुम्ही काय केलंत? संपला आपला पास रश!"

मी ह्यांना दंडाला धरून कडेला आणलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं. बाई अँब्युलन्सला फोन करत होती. मी ह्यांचा हात धरून उभी राहिले, वाटलं आता चिडतील, शिव्या देतील, निदान हात तरी झटकतील.

हे मैदानाकडे बघत होते. तिथे आता आमचा फेकणारा बॉल घेऊन उभा होता, आणि चार हिरवे त्याच्यावर धावून गेले. फेकायच्या आत त्याला उचलला आणि असा आपटला की त्याचा एक बूट आमच्या खुर्चीपर्यंत आला.

आमच्या बाजूला सगळे चिडीचूप. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या ह्यांनी. मग माझा हात दाबून, हसत म्हणाले,

"बघितलंस? मी म्हटलं होतं ना, यंदा आपला पास रश सुधारणार!"