माझा कोट आणि मालेगावकर

आमच्या नांदूरघाटात एक मालेगावकर होता आणि त्यानं मालेगाव जन्मात पाहिलं नव्हतं. दगडू त्याचं नाव. तोंडावर सगळे आबा म्हणायचे, पाठीमागं मालेगावकर. कारण काय, तर हा गडी साखर कारखान्याच्या अभ्यासदौऱ्यात स्पेनला गेला, मालागा नावाच्या शहरात राहिला आणि आल्या आल्या पारावर ठोकून दिलं, "स्पेनात बी मालेगाव हाय बे. लई मोठ्ठं. समुद्राच्या काठाला." झालं, नाव चिकटलं. खरं तर ते मला चिकटायचं होतं.

दुष्काळाची वर्षं होती. कोरड्या मुलखातले लोक थेंबाथेंबानं शेती कशी करतात ते बघून यायचं, म्हणून कारखान्यानं दौरा काढला. आमच्या भागातून आम्ही दोघंच संचालक, मी आणि दगडू. जागा एक. चेअरमनसाहेबांनी चिठ्ठ्या टाकायच्या ठरवल्या. मला इतकी खात्री, की मी बीडला जाऊन कोट शिवून आलो होतो. चिठ्ठी निघाली दगडूची. त्याच संध्याकाळी तो माझ्या किराणा दुकानात हजर. म्हणाला, "आप्पा, तुझा कोट दे बे. तिकडं थंडी असती म्हणं. तू तर काय जात न्हाईस." नाही म्हणावं तर माझा जळफळाट गावभर झाला असता. दिला. माझा कोट विमानात बसून स्पेनला गेला आणि मी इथं गुळाच्या ढेपा फोडत बसलो.

कोट परत द्यायला आला तेव्हा ठिबकचं त्याला विचारलं तर म्हणे, "नळ्या हायत. आपल्यासारक्याच." एवढ्यावर दौरा संपला. त्यानं खरा पाहिला तो तिथला बाजार. बाकीची मंडळी शेतं बघत हिंडली आणि हा बघावं तेव्हा बाजारात. आमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानापुढच्या बाकावर बसून तो ते सांगायचा. वर लोखंडाचं छप्पर, मागं रंगीत काचांची भलीमोठी खिडकी, खाली बर्फावर मांडलेली मासळी, मनुक्यांचे आणि बदामांचे ढीग, मिठाच्या पाण्यात मुरवलेली 'तेलाची बोरं', म्हणजे ऑलिव्ह. ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या गिऱ्हाइकांच्या, माझ्याच दुकानापुढं!

सगळ्यांत जास्त मला झोंबायची ती त्याच्या बोलीची गोष्ट. निजामाच्या राज्यात दगडू चौथीपर्यंत उर्दू शिकलेला. मी थोडा लहान, माझी शाळा पोलीस ॲक्शननंतरची, मराठी. मालागात एका फळवालीपुढं याला भाषा येईना. तिनं नारंगी उचलून नाव सांगितलं, ते याला नारंगीच ऐकू आलं. केशराची डबी दाखवली, ते निघालं उर्दूतलं जाफरान. कॉफी देताना तिनं काहीतरी विचारलं, त्यात याला साखर ऐकू आली. मग तिनं माझ्या कोटाच्या आतला त्याचा सदरा चिमटीत धरून दाखवला आणि म्हणाली, कामिसा. "कमीज!" हा ओरडला. दोघं हसून हसून बेजार. "साखर कारखान्याचा संचालक म्या," दगडू सांगायचा, "आन् सातासमुद्रापल्याड साखरेला साखरच म्हणत्यात. डोळ्यांत पाणी आलं बे." मी साखर रोज विकत होतो. मला कधी पाणी आलं नाही.

त्या बाजाराचा दरवाजा दगडी, जुना, कमानीचा. पूर्वी तिथं बाजार नव्हताच, जहाजं बांधायचा कारखाना होता. समुद्र तेव्हा दरवाज्याशी यायचा. पुढं समुद्र मागं हटला, आत बाजार भरला, दरवाजा तेवढा उभा राहिला. कमानीवर अक्षरं कोरलेली. दगडूनं मान वर करून त्यातलं 'अल्लाह' वाचलं आणि निकाल लावून टाकला. "तितं बी निजाम होता बे! गेला, पण बाजारात बोली ठिवून गेला. आपल्यासारकंच."

मी हे सोडणार होतो होय? केजच्या वाचनालयात जाऊन जाडी पुस्तकं चाळली. दरवाज्याची गोष्ट खरी निघाली, त्यानं जास्तच डोकं फिरलं. पण गावाचं नाव सापडलं. भर बाजारात उभा राहून मी म्हणालो, "ते मालेगाव नाही, मालागा आहे. आणि तिथं निजाम नव्हता, अरब होते." दगडू शांतपणे म्हणाला, "आप्पा, तू कवा गेलतास?" सगळा बाजार हसला. तेव्हापासून पोरंसोरंही मालेगावच म्हणू लागली.

एक सूड मात्र मी उगवला. त्या बाजारात मीठ लावून वाळवलेल्या अख्ख्या तंगड्या टांगलेल्या असायच्या. त्या डुकराच्या, हे दगडूच बोलून गेला होता. त्यानं चाखलं की नाही, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी मात्र गावभर 'चाखलं' असंच सांगत राहिलो.

पुढं परत दुष्काळ पडला. सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी उघडली. जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहायला आली. पाणी टँकरचं, सरपण नाही. कुणीतरी टेंपोभर दबलेले टोमॅटो पाठवले, ते सडायला लागले. दगडूनं उखळ मागवलं. शिळी भाकरी भिजवली, टोमॅटो, लसूण, मीठ, करडईचं तेल आणि चिंचेचं पाणी घालून सगळं कुटलं आणि वाटीवाटीनं वाटलं. "त्यांच्या शेतावरच्या गड्यांचं खानं हाय. चूल लागत न्हाई. आपलाच काला समजा." बाया आधी नाकं मुरडत होत्या, मग रांगा लागल्या. त्याचंही नाव पडलं, मालेगावी.

माझी बायको सुमन छावणीत वाढायला जायची. ती ते शिकून घरी घेऊन आली. माझ्या बोलण्याला एवढ्या वर्षांत जिनं नुसतं 'हं' म्हटलं, ती दगडूपुढं हनुवटीला हात लावून बसायची. "भाऊजी, ती फळवाली दिसायला कशी होती हो?" "वहिनी, अगदी तुमच्यासारकी. तोंडानं लई फटकळ." आणि ती लाजायची! मी मालेगावी खाल्लं नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगायचो. मला त्या माणसाचा मनापासून हेवा वाटायचा, आणि त्याच्याशिवाय एक बाजारही करमायचा नाही.

शेवटी शेवटी दगडूचं डोकं चालेना. नातवाला मुलगा म्हणायचा. मी रोज जाऊन बसायचो. तो बाजार सांगायला घ्यायचा आणि मध्येच अडायचा. "दरवाज्यातून आत गेलं की... काय होतं बे?" मी सांगायचो, डाव्या हाताला मनुके, पुढं मासळी. तो मान डोलवायचा. फळवाली विसरला, जाफरान विसरला. मी एकेक काढून द्यायचो. न पाहिलेला बाजार मला तोंडपाठ होता.

एके दुपारी सुमननं त्याच्यासाठी मालेगावी दिलं होतं. मी चमच्यानं भरवत होतो. त्यानं माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आप्पा, तू बी होतास की! माझ्यासंगं. कोट घालून."

तिथंच बसलेला त्याचा मुलगा मला सावरायला लागला, "काका, मनावर घेऊ नका, त्यांना काही..." मी त्याला हातानं थांबवलं.

"होतो की," मी म्हणालो. "नारंग्या तूच लई खाल्ल्यास."

"तू तंगडी खाल्लीस," दगडू म्हणाला आणि पोट धरून हसला. मग चमचा माझ्याकडं वळवून म्हणाला, "घे. आपल्या मालेगावचं हाय."

मी खाल्लं. आंबट, तिखट लसणाचं, गार. इतकी वर्षं उगाच पोट बिघडवून घेतलं होतं.

त्यानंतर आठवड्याभरात तो गेला. आता बाजारच्या दिवशी बाकावर मी बसतो. लोक म्हणतात, आप्पा, मालेगाव सांगा. मी सांगतो, "आम्ही दोघं दरवाज्यातून आत गेलो..." कुणी अडवत नाही. पण दगडूचा रागही येतो. वर जायलाही दोघांत पुन्हा एकाच्याच नावाची चिठ्ठी निघाली आणि याही खेपेला ती त्याचीच. कोट तेवढा या वेळी मागायला आला नाही. खुंटीला लावून ठेवलाय.