कोथरूडच्या पानिपतबाई

आमच्या सोसायटीतल्या पानिपतबाईंनी गॅलरीतून दूधवाल्याला हाक मारली, की तिकडे धायरीतल्या म्हशी पान्हा सोडत. असा आवाज! निवृत्त शिक्षिका, एकट्याच. वर्षानुवर्षं पानिपतावर एकच कादंबरी लिहीत होत्या, म्हणून हे नाव.

बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाने बाड चाळून विचारलं, "बाई, यात तलवारी कुठायत?"

"तुमच्या बाकीच्या पुस्तकांत आहेत ना? गंजल्या की कळवा."

बाईंच्या पुस्तकात होती सैन्याबरोबर गेलेली काशी आणि तिची लहानगी लेक. रसद तुटलेली, छावणीतलं धान्य संपलेलं. तिथेच बाईंचं घोडं अडलं. "शेजारी," मला म्हणाल्या, "भरल्या पोटी लिहिलेली भूक खोटी वाटते हो."

आणि त्यांनी जेवण सोडलं. कुणी विचारलं तर सांगायच्या, "उपास आहे." आता पुण्यात उपास म्हणजे खिचडी, रताळ्याचा कीस, वर ताक. अख्ख्या सोसायटीने इतकी खिचडी पोचवली, की पेशव्यांची एक पलटण वाचली असती. बाई ती वॉचमनच्या घरी धाडत होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी चिडून वर गेलो. भिंतीला धरून त्यांनी दार उघडलं.

"अहो, पानिपत कधीच होऊन गेलं!"

"तुमच्यासाठी. काशी अजून तिथेच आहे." मग कुजबुजल्या, "एक सापडलंय. भुकेल्या आईला लेकराचा राग येतो. मागतं म्हणून. हे कुणी लिहीत नाही."

"लिहिलंत ना? मग आता जेवा!"

"पोरगी उपाशी आहे हो अजून."

त्याच संध्याकाळी त्या कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, शरीराने हात टेकलेत. बायकोने केलेली भाताची पेज घेऊन मी उशाशी बसलो. विनवलं, ओरडलो, गणपतीची शपथ घातली. बाईंनी चमचा बाजूला सारला. "आधी तिला."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी चमचा भरला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरला, फुंकर घातली, थांबलो. मग म्हणालो, "खाल्लं हो तिने. अजून मागतेय."

"द्या," बाई म्हणाल्या, "रागावू नका तिला."

मी पुन्हा चमचा भरला, पुन्हा खुर्चीपुढे धरला. वाटी अर्धी झाल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे बाईंनी तोंड उघडलं. दोन घास गेले. तिसरा ओठांवरच राहिला.